सावलीत वाळवलेली माती

मु. पिंपळखेडी, ता. भातकुली
१९ जुलै, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

शैलाताई,

हे पत्र वाचून होईपर्यंत सोबतच्या पिशव्या उघडू नकोस.

फोन का केला नाही म्हणून रागावशील. पण फोनवर आकडे सांगितले की ऐकणारा "बरं, बरं" म्हणतो आणि विसरतो. कागदावरचा आकडा पुसायला निदान खोडरबर तरी शोधावं लागतं.

लिंबाखालचा माझा फळा तुला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं झाली, रोज सकाळी त्यावर पावसाचा आकडा लिहितो. पाऊस नसला तर शून्य लिहितो, पण फळा कोरा ठेवत नाही. त्याच्याकडे पाहून लोक पेरणी ठरवतात, डवरणी ठरवतात. या एकोणीस वर्षांच्या वह्यांमध्ये मला एक गोष्ट सापडली आहे. आधी पावसात खंड पडायचा तो आठ-दहा दिवसांचा. आता वीस-बावीस दिवस थेंब नाही, आणि मग एका दुपारी दोन इंच. पण अशा लांब खंडानंतर पाऊस आला, की आठव्या-नवव्या दिवशी कपाशीची पऱ्हाटी खत न देताच गडद हिरवी होते. हे मी सात वेळा पाहिलं आणि सातही वेळा तारखेसकट लिहून ठेवलं.

हिरवेपणा मी नजरेने ठरवत नाही. अमरावतीच्या मॅचिंग सेंटरमधून हिरव्या रंगाचे सहा ब्लाउजपीस आणले, फिक्यापासून गडदपर्यंत, आणि त्यांना एक ते सहा नंबर दिले. पान कापडावर ठेवायचं, जुळेल तो नंबर लिहायचा. दुर्गा म्हणते, "मले सात वर्सात एक नाही आणला, पऱ्हाटीले सहा!"

यंदा २४ जूनला गेलेला पाऊस १५ जुलैला परतला, अडतीस मिलिमीटर. जो तो युरियाची पिशवी घेऊन शेताकडे निघाला. मी फळ्यावर लिहिलं, 'आठ दिवस थांबा. माती स्वतः देणार आहे.' अकरा घरं थांबली.

मग आला उद्धव. आपल्या शेताच्या धुऱ्यापलीकडचा. तो बी.एस्सी. ॲग्री आहे, आणि हे तो पंगतीत बसल्यावरही सांगतो. फळा वाचून म्हणाला, "दहावी नापास माणूस मातीचा डॉक्टर होऊन राहिला! सूर्यभान, माती तुले फोन करते का?"

मी म्हटलं, "फोन नाही करत. श्वास घेते."

"मंग तिचा दवाखाना काढ!"

सगळे हसले. थांबलेल्या अकरा घरांतलेही हसले, ते मला जास्त लागलं. उद्धव म्हणाला, "पानं हिरवी झाली तं ढगांनं होतील, वाऱ्यानं होतील. ते मी धरत नाही. तुयी अकोल्याची ताई इतके वर्स हेच शिकवत होती न? तिनं कागदावर लिहून देलं, तं मानतो. नाही देलं, तं फळा उतरव."

मी म्हटलं, "उतरवतो."

म्हणून या दोन पिशव्या. 'कोरडा' लिहिलेली माती एकवीस दिवस पाण्यावाचून होती. 'ओला' लिहिलेली माती शेततळ्यालगतच्या तुकड्यातली. तिथे ठिबक चालू होतं, ती एक दिवसही सुकली नाही. (विहिरीचं पाणी आपल्या खारपाणपट्ट्यात पिकाला चालत नाही, हे तुला सांगायला नको.) दोन्ही नमुने मी ढग पाहून १४ तारखेलाच, पावसाच्या आदल्या दिवशी, काढून ठेवले होते. उद्धवच्याच घरची माती-परीक्षणाची पुस्तिका समोर ठेवली आणि नियमात सुताचाही फरक केला नाही. माझं म्हणणं खरं असेल, तर पाणी घातल्यावर कोरडी माती जोरात श्वास घेईल, ओली साधाच घेईल.

पाणी म्हणून सोबतच्या बाटलीतलं पावसाचं वापर. अकोल्याच्या नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं.

तुझा मावसभाऊ,
सूर्यभान

---

अकोला
३० जुलै

सूर्यभान,

तुझ्या पिशव्या पोचल्या, बाटलीही पोचली. क्लोरीनची आठवण एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या बाईला करून दिलीस, आभारी आहे.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण तू विचारशीलच. स्वयंपाकघरात तीन मोठ्या बरण्या. एकीत कोरड्या पिशवीतली शंभर ग्रॅम माती, दुसरीत ओल्या पिशवीतली शंभर, तिसरी रिकामी. दोन्ही मातींना सारखं पाणी. प्रत्येक बरणीत चुन्याच्या निवळीची वाटी ठेवली आणि झाकणं घट्ट लावली. मातीतले जीव जो श्वास सोडतात तो निवळी पिऊन टाकते आणि कमजोर होते. दुसऱ्या दिवशी निवळीत गुलाबी रंग येईल असं औषध टाकायचं, आणि तो रंग जाईपर्यंत आम्लाचे थेंब मोजायचे. थेंब जितके कमी लागले, तितका मातीचा श्वास जास्त.

आमच्या वकीलसाहेबांनी एक बरणी लोणच्याची समजून उघडली, त्यामुळे सगळं पुन्हा करावं लागलं. म्हणून उशीर.

रिकाम्या बरणीला पन्नास थेंब लागले. कोरड्या मातीला एकोणतीस. ओल्या मातीला तीस.

एका थेंबाचा फरक, सूर्यभान. म्हणजे फरक नाही. तुझी कोरडी माती आणि तुझी ओली माती सारखाच श्वास घेतात. खंडामुळे काही वेगळं घडतं, असं मी लिहून देऊ शकत नाही.

आणि रागाने सांगते, फळ्यावर लिहिण्याआधी मला का विचारलं नाहीस? अकरा घरांचं पीक आहे. स्वतः वाचून शिकलेल्या माणसाला एक धोका असतो, त्याला थांबवणारं कोणी नसतं. लोकांना सांग, नेहमीप्रमाणे खत द्या.

दुर्गाला एक ब्लाउजपीस पाठवते आहे. हिरवा नाही.

शैला

---

पिंपळखेडी
५ ऑगस्ट, दुपारी पावणेदोन

ताई,

तुझं पत्र लिंबाखाली उभं राहून मोठ्याने वाचलं. एकही ओळ गाळली नाही. 'त्याला थांबवणारं कोणी नसतं' हीसुद्धा वाचली. उद्धव हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

२३ जुलैला माझं पान पाच नंबरला होतं, खत न देता. उद्धवचंही पाच, खत देऊन. पण ते धरायचं नाही असं आधीच ठरलं होतं, आणि ठरलेलं मी मोडत नाही. बावीस तारखेला पोळा आहे. त्या दिवशी सगळे बैल लिंबाखालच्या तोरणाशी उभे राहतात. पोळ्याला फळ्यावर आकडा नाही असं या गावात एकोणीस वर्षांत झालं नाही, तेवढा पोळा होऊ दे. दुसऱ्या दिवशी उतरवतो.

एक मात्र मनातून जात नाही. तुला वाटत असेल मी नमुने गबाळ्यासारखे घेतले. म्हणून सगळं लिहितो, तूच तपास. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ ठिकाणं. धुरा सोडून, झाडाची सावली सोडून, उकिरडा सोडून. वरचा काडीकचरा हाताने बाजूला. इंग्रजी व्हीसारखा नऊ इंच खड्डा, त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती. आठही ठिकाणची घमेल्यात कालवून ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. मग माती वर्तमानपत्रावर पसरून चार दिवस सावलीत वाळवली. उन्हात नाही, सावलीतच. खडे वेचले, ढेकळं लाकडी मोगरीने फोडली, चाळून कापडी पिशवीत भरली. दोन्ही नमुन्यांना अगदी सारखं केलं.

यात कुठे चूक आहे ते दाखव. नसेल, तर मग मातीनेच मला सात वेळा फसवलं.

सूर्यभान

ताई, मी दुर्गा. पाकीट चिकटवाच्या आधी लिहून राहिली. हे जेवत नाहीत धड. फळा रोज दोनदा पुसतात, त्याच्यावर काही नसलं तरी पुसतात. ब्लाउजपीस लय चांगला हाय. पण तुमी काहीतरी करा.

---

अकोला
८ ऑगस्ट

सूर्यभान,

फळ्याला हात लावू नको. थांब. हे पत्र आधी दोनदा वाच.

'चार दिवस सावलीत वाळवली.' तुझ्या पत्रातल्या या ओळीवर मी चहाचा कप ठेवला आणि तो तसाच गार झाला.

अरे, ओल्या तुकड्याची मातीसुद्धा वाळवलीस? काहून वाळवलीस रे बाबा!

पुस्तिका खोटी नाही. स्फुरद, पालाश मोजायचं असेल तर माती सावलीतच वाळवतात. पण तुला मोजायचे होते जिवंत जीव. त्यांना ओल्या मातीतून काढून चार दिवस वाळवलं, म्हणजे आभाळाने कोरड्या तुकड्यावर एकवीस दिवस जे केलं, ते तू ओल्या तुकड्यावर वर्तमानपत्रावर केलंस. दोन कोरड्या माती माझ्याकडे आल्या. दोन्हींवर मी पाणी घातलं, दोन्ही सारख्याच जाग्या झाल्या. मग फरक कुठून दिसणार?

मी ज्याला 'फरक नाही' म्हटलं, तो कदाचित तुझाच पुरावा आहे. पण 'कदाचित' लिहून मी फळा वाचवणार नाही. तुलाही ते आवडणार नाही.

आता माझं ऐक. वर 'ओला' लिहिलेली पिशवी हाताला कोरडी लागली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, प्रवासात सुकली असेल. एकतीस वर्षं मी मुलींना सांगत आले, जिवंत नमुना ओला आणा, थंड आणा, त्याच दिवशी आणा. आणि स्वतःच्या भावाला सांगायला विसरले. तुझी चूक नियम पाळण्याची होती. माझी चूक हात लावूनही न विचारण्याची. माझी मोठी आहे.

पुन्हा खंड पडला, की दोन्ही तुकड्यांतली माती काढ आणि जशी आहे तशी स्टीलच्या डब्यांत भर. वाळवू नको, चाळू नको. काढलेल्या दिवशीच माझ्या हातात पडली पाहिजे. पोळ्याला चौदा दिवस आहेत.

दुर्गा, त्याला जेवू घाल. न जेवणाऱ्याचे नमुने मी तपासत नाही म्हणावं.

शैला

---

पिंपळखेडी
१७ ऑगस्ट, सकाळी सहा

ताई,

घाईत लिहितो, मुक्कामी बस पावणेसातला सुटते.

२८ जुलैनंतर थेंब नाही. आज विसावा दिवस. कोरड्या तुकड्यात भेगा पडल्या आहेत, चार बोटं आत जातात. ओल्या तुकड्यावर शेततळ्याचं पाणी कालपर्यंत चालू होतं. आज पहाटे पाच ते पावणेसहा दोन्ही नमुने काढले. डबे पाच-पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, पुसून, गार करून भरले. निळ्या सुतळीचा ओला, पांढऱ्या सुतळीचा कोरडा. सुतळ्यांचे रंग मुद्दाम लिहितो, कारण लेबल ओलाव्याने निघतं. पाणी पुन्हा पावसाचंच, जुलैमधलं साठवलेलं.

ओली माती डब्यात दाबून भरताना हात थांबत होता. तीस वर्षांची सवय, धान्य असो की माती, वाळवल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधायचं नाही.

डबे भगवंत कंडक्टरकडे देतो आहे. आपल्या गाडीनंतर त्याची आज अमरावती-अकोला ड्यूटी आहे, तो स्वतः तुझ्या दारात आणून देईल. डबे पाहून म्हणाला, "सूर्यभानभाऊ, पोळ्याच्या पुरणपोळ्या आतापासून?" मी म्हटलं, "माती आहे." तो म्हणाला, "माती तं अकोल्यातही हाय न!" तरी उघडून पाहिलंच त्याने. मी झाकण लगेच लावलं. सात सेकंद उघडं होतं. काही बिघडत असेल तर हिशेबात धर.

पश्चिमेला ढग आहेत. पाऊस आला तर लोक युरिया घेऊन निघतील. या वेळी मी फळ्यावर काहीच लिहिणार नाही, फक्त आकडा. तुझा कागद येईपर्यंत.

एक गोष्ट तुला आधी सांगितली नव्हती. जुलैमध्ये सातव्या दिवशी मी स्वतः युरियाची पिशवी फोडली होती. मुठीत घेतला आणि बांधावर अर्धा तास उभा राहिलो. फेकला नाही. पण मूठ भरली होती, हे तुला माहीत असलं पाहिजे.

सूर्यभान

---

अकोला
२१ ऑगस्ट, संध्याकाळी

सूर्यभान,

हे पत्र तुझ्याच निळ्या सुतळीच्या डब्यात ठेवून भगवंतच्या हाती देते आहे. पोळ्याच्या तोरणाआधी पोचेल असा त्याने शब्द दिला आहे. सात सेकंदांनी काही बिघडलं नाही.

आता आकडे. वकीलसाहेबांना तीन दिवस लोणच्याशिवाय जेवायला लावलं, त्यामुळे हे एकदाच करून भागलं.

रिकामी बरणी: पन्नास थेंब.
कोरडी माती, पाणी घातल्यावर: एकतीस.
ओली माती, जशी आली तशी, वर तेवढंच पाणी: चव्वेचाळीस.

म्हणजे एकीने एकोणीस थेंबांएवढा श्वास घेतला, दुसरीने सहा. तिपटीहून जास्त, सूर्यभान!

इथे मी थांबले नाही. तुझ्या ओल्या मातीतली थोडी काढली, वर्तमानपत्रावर पसरली आणि तीन दिवस सावलीत वाळवली. अगदी तुझ्या पुस्तिकेप्रमाणे. मग पाणी घातलं. आज संध्याकाळी थेंब मोजले: बत्तीस. तीच माती, तोच तुकडा. फक्त वाळवली आणि भिजवली, आणि सहाचा श्वास अठरावर गेला. तुझ्या चुकीने तुझं म्हणणं सिद्ध झालं आहे.

लिंबाखाली वाचशील म्हणून सोपं करून लिहिते. लांब खंडात मातीतले पुष्कळ सूक्ष्मजीव मरतात. पाऊस पडला की उरलेले जागे होतात आणि मेलेल्यांवर तुटून पडतात. त्या खाण्यातून नत्र मोकळं होतं आणि मुळांना मिळतं. सूर्यभान एकोणीस वर्षं जे पानांवर पाहत आला, ते खरं आहे. मी, शैला, एकतीस वर्षांच्या अनुभवाने हे लिहून देत आहे. खाली सही आहे.

आता एक गोष्ट अशी, जी तुला आवडणार नाही, पण तू गाळणार नाहीस. जुलैच्या कोरड्या पिशवीतली, बरणीत एकदा भिजवलेली माती मी पुन्हा वाळवून पुन्हा भिजवली. पहिल्या वेळी एकवीस थेंबांचा श्वास होता. दुसऱ्या वेळी बारा. म्हणजे माती देते, पण दर खंडाला कमी देते. आभाळ असंच वागत राहिलं आणि आपण मातीत परत काही घातलं नाही, तर एक दिवस तू फळ्यावर 'थांबा' लिहिशील आणि काहीच येणार नाही. हेही फळ्यावर लिही.

'त्याला थांबवणारं कोणी नसतं' हे वाक्य मी मागे घेत नाही. त्यात फक्त भर घालते. मलाही जुलैमध्ये कोणी थांबवलं नाही. तुझ्या एका ओळीने थांबवलं. इतकं बारीक तू लिहिलं नसतंस, तर आपण दोघंही चुकीचेच राहिलो असतो.

आणि मूठ भरली होती म्हणतोस ना? सगळ्यांची भरते. तू उघडली नाहीस.

शैला

---

पिंपळखेडी
२६ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ

ताई,

क्रमाने सांगतो.

भगवंत २२ तारखेला दुपारी सव्वातीनला आला. बैल तोरणाखाली उभे होते, झुली, बेगडं, गोंडे, सगळं. डबा देताना म्हणाला, "भाऊ, हलका हाय. पण ताई म्हणे, जपून ने." मी डबा उघडला आणि बैलांच्या मध्ये उभा राहून तुझं पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून. लोणच्यासकट. 'तिपटीहून जास्त' इथपर्यंत आलो. दुर्गा मागून ओरडली, "मोठ्यानं वाचा! मागं आयकू येत नाही!" मी पुन्हा वाचलं. मग अकरा घरांपैकी कोणीतरी हलगीवाल्याला खूण केली आणि ती अशी कडाडली की उद्धवचा बैल तोरण सोडून निघाला. कुठल्याही आकड्यासाठी या गावात हलगी वाजलेली मी पाहिली नव्हती.

तुझी सावधगिरीची ओळही वाचली. ती सगळ्यांनी जास्त नीट ऐकली.

उद्धव बैल धरून परत आला. म्हणाला, "पुस्तिका माही होती." एवढंच. मी म्हटलं, "पुस्तिका बरोबर होती. प्रश्न वेगळा होता." त्याने विचारलं, "पाऊस अठराले आला. आज कितवा दिवस?"

"चौथा."

"मी काल युरिया आणला हाय."

"ठेव घरात."

त्याने ठेवला. मी जाऊन पाहिला नाही, दुर्गाने पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकडा लिहायला गेलो, तर उद्धव शिडी लावून फळ्याशी उभा. एका हातात पाना, दोन नट आधीच काढलेले. दुर्गा पाणी घेऊन येत होती, तिने तिथूनच सुरू केलं, "भाऊ, काहून काढून राहिले? कागद आला न अकोल्याचा! सही हाय त्याच्यावर!"

उद्धव वरूनच म्हणाला, "वयनी, मागच्यायले दिसत नाही. वर टांगून राहिलो. सूर्यभान, नुसता पाहतं काय, खालून धर!"

मी धरला.

आज आठवा दिवस. या वेळी त्रेचाळीस घरं थांबली. सकाळी साडेसहाला ब्लाउजपीस घेऊन निघालो तर मागे पंधरा-वीस माणसं. अठरा तारखेला पान दोन नंबरला होतं, आज चार. उद्धवच्या शेतातही चार. त्याने स्वतः कापडावर ठेवून पाहिलं, उजेडात धरून, मग सावलीत धरून. जुलैमध्ये दोनाचं पाच झालं होतं. म्हणजे या वेळी मातीने कमी दिलं, तुझ्या बारा थेंबांसारखं. ते लपवलं नाही. फळ्यावर आज असं लिहिलं आहे:

'मातीने दिलं. मागच्यापेक्षा कमी दिलं. उरलेलं आज द्या, निम्मा डोस. यंदा पऱ्हाटीच्या काड्या कोणी जाळायच्या नाहीत, बारीक करून शेतात घालायच्या.'

खाली आणखी एक रकाना आखला आहे, 'मातीचा श्वास'. तीन बरण्या मीही घेतल्या, आणि पानवाल्याकडून चुना. थेंब कसे मोजायचे ते सविस्तर लिहून पाठव, थेंबाच्या नळीच्या मापासकट. तो रकाना भरायचं काम उद्धवने मागून घेतलं. म्हणतो, बी.एस्सी. कधीतरी कामात आली पाहिजे.

उद्धव गावभर सांगत फिरतो, फळा दीड फूट वर नेला. काल कोणी नसताना मी टेप लावून पाहिला. सोळा इंच आहे.

त्याला सांगितलं नाही.

सूर्यभान